ट्रकचा एक्झॉस्ट हेडर कसा निवडावा

सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर बॉनेटखालून ‘टिक-टिक’ असा आवाज येत असेल आणि चार-पाच किलोमीटर गेल्यावर इंजिन तापले की तो विरत असेल, तर टॅपेट (इंजिनाच्या झडपांची फट) सेट करायला सांगण्यापूर्वी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाच्या अंगाला बसवलेला, धूर गोळा करणारा बिडाचा भाग पाहावा. थंड असताना बिडाचा तडा उघडा असतो आणि बीड तापून फुगले की तो मिटतो. आवाज जातो, तडा मात्र तिथेच राहतो. गॅसकेटच्या (सांध्यात बसणाऱ्या पातळ पट्टीच्या) कडेला किंवा मॅनिफोल्डच्या अंगावर काजळीची बारीक रेघ दिसली की निदान पक्के समजावे. आमच्या भागात, म्हणजे गोव्यातल्या उसगावपासून सावर्ड्यापर्यंतच्या खाणपट्ट्यात, ट्रकमालक हेडरचा, म्हणजे मॅनिफोल्डच्या जागी बसणाऱ्या नळ्यांच्या संचाचा, विषय काढतात तो बहुधा अशाच वेळी. जुना मॅनिफोल्ड फुटलेला असतो, कंपनीचा सुटा भाग महाग पडतो किंवा लवकर मिळत नाही, आणि कोणीतरी सांगितलेले असते की बाहेरचा हेडर बसवला तर गाडी ‘मोकळी’ होईल, घाटात ओढेल आणि इंधनही वाचेल. यातले आपल्या गाडीच्या बाबतीत काय खरे ठरेल ते इंजिनावर अवलंबून असते, आणि इंजिनाकडे न पाहता केलेली खरेदी बहुतेक वाया जाते.

मॅनिफोल्ड आणि हेडर यांचे काम एकच असते: प्रत्येक सिलिंडरमधून बाहेर पडणारा गरम धूर गोळा करून पुढच्या पाइपात नेणे. ओतीव मॅनिफोल्डमध्ये सर्व सिलिंडरांची तोंडे एकाच आखूड पोकळीत उघडतात. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी असते आणि त्या सर्व नळ्या पुढे ‘कलेक्टर’ नावाच्या तोंडात एकत्र येतात. धूर सलग वाहत नाही, तो ठोक्याठोक्याने येतो. एक ठोका नळीतून वेगाने पुढे सरकला की त्याच्या मागे थोडा कमी दाब निर्माण होतो, आणि नळीची लांबी व व्यास नेमके जुळले असतील तर तो कमी दाब उरलासुरला धूर सिलिंडरमधून ओढून घेतो, त्यामुळे आत येणाऱ्या ताज्या हवेला जागा मिळते. हेडरमुळे ताकद वाढते असे जे म्हणतात, त्यामागची सगळी करामत एवढीच आहे. हा परिणाम इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांच्या टप्प्यातच मिळतो. त्या टप्प्याच्या खाली आणि वर हेडर असून नसल्यासारखा असतो, किंबहुना चुकीचा हेडर खालच्या फेऱ्यांना असलेली ओढही घालवतो.

टर्बो डिझेलचा हिशेब वेगळा

गोव्यात रस्त्यावर दिसणारे टिप्पर, चिरे आणि रेती वाहणारे ट्रक, तसेच बाजारात माल आणणाऱ्या बहुतेक पिकअप गाड्या टर्बो डिझेल आहेत. टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा; त्याचे चाक धुराच्या उष्णतेवर आणि वेगावर फिरते, म्हणून धूर सिलिंडरमधून टर्बोपर्यंत जितक्या कमी अंतरात आणि जितका गरम पोहोचेल तितके चांगले. लांब नळ्यांचा हेडर नेमके उलटे करतो: वाटेत उष्णता गमावतो आणि टर्बोला जागे व्हायला उशीर लावतो. शिवाय जड ट्रकचे डिझेल इंजिन भरलेला माल घेऊन मिनिटाला साधारण १२०० ते १८०० फेऱ्यांच्या दरम्यान काम करते. इतक्या मंद ठोक्यांना जुळवून नळ्यांची लांबी ठरवायची झाली, तर त्या नळ्या बॉनेटखाली मावणार नाहीत. म्हणून ज्याचा ट्रक टर्बो डिझेल आहे आणि जो मुख्यतः मालवाहतुकीसाठी वापरला जातो, त्याने ‘ताकद वाढवणारा हेडर’ हा शब्दप्रयोग कानाआड करून फक्त न फुटणारा, नीट बसणारा आणि गळती न होणारा मॅनिफोल्ड शोधावा. माझा या बाबतीतला सल्ला इतका स्पष्ट आहे की तो ऐकून काही ओळखीचे लोक नाराजही झाले आहेत.

टर्बो डिझेलसाठी बाहेरचा मॅनिफोल्ड निवडताना पहिला प्रश्न बिडाच्या जातीचा असतो. साधे करडे बीड स्वस्त असते, ओतायला सोपे असते, पण तापणे आणि गार होणे हे चक्र त्याला फार काळ सोसत नाही. एसजी आयर्न म्हणून ओळखले जाणारे बीड त्याहून चिवट असते, आणि त्यात सिलिकॉन व मॉलिब्डेनम मिसळलेली जात जास्त तापमानासाठीच बनवलेली असते. दुकानात दोन्ही रंगाने सारखीच दिसतात. मॅनिफोल्ड दोरीने किंवा बोटावर मोकळा टांगून छोट्या हातोडीने हलके टोले मारावेत: करडे बीड ‘ठप्प’ असा बसका आवाज देते, एसजी आयर्न बऱ्यापैकी घणघणते. ही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे, परंतु शेजारी कंपनीचा जुना मॅनिफोल्ड टांगून दोघांचा आवाज ताडून पाहिला, तर दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा कान जास्त खरे सांगतात. मात्र तुलनेसाठी घेतलेला जुना मॅनिफोल्ड फुटलेला नसावा, कारण तडा गेलेले कोणतेही बीड बसकेच वाजते.

दुसरा प्रश्न वजनाचा. अनेक इंजिनांत टर्बो मॅनिफोल्डवरच टांगलेला असतो, त्यामुळे तापून लाल होण्याच्या बेतात असलेल्या धातूला टर्बोचे वजन आणि रस्त्याचे हादरे दोन्ही सोसावे लागतात. पातळ नळ्यांचा हेडर अशा ठिकाणी बसवायचा असेल, तर टर्बोला इंजिन ब्लॉकपासून स्वतंत्र ब्रॅकेटचा आधार हवा. आधार नसेल तर नळी फ्लँजला (बोल्टने आवळल्या जाणाऱ्या जाड पट्टीला) जिथे जोडली आहे तिथल्या वेल्डिंगच्या काठावर ती तुटते. मोठ्या ट्रकला एक्झॉस्ट ब्रेक असतो. अनमोड घाट उतरताना ड्रायव्हर तो लावतो तेव्हा पुढची झडप धुराची वाट अडवते आणि मॅनिफोल्डमधला दाब नेहमीच्या कितीतरी पट वाढतो. ज्या हेडरचा विक्रेता ‘एक्झॉस्ट ब्रेक चालेल का’ या प्रश्नावर गोंधळतो, तो हेडर जड ट्रकसाठी घेऊ नये.

सहा सिलिंडरच्या इंजिनात आणखी एक बारकावा आहे. इतक्या लांब मॅनिफोल्डची लांबी तापल्यावर इतकी वाढते की सलग एकाच तुकड्याचा असेल तर दोन्ही टोकांचे स्टड (मॅनिफोल्ड धरून ठेवणाऱ्या आट्यांच्या सळ्या) तुटतात. म्हणून अनेक मोठ्या इंजिनांचे मूळ मॅनिफोल्ड तीन तुकड्यांत असतात आणि ते तुकडे एकमेकांत सरकतील अशा रिंगांच्या सांध्यांनी जोडलेले असतात. मूळ मॅनिफोल्ड तीन तुकड्यांचा असताना कोणी एकसंध, ‘जास्त मजबूत’ म्हणून विकत असेल, तर तिथून उठून यावे. ज्या टर्बोचे तोंड आतून दोन भागांत विभागलेले असते, त्याला मॅनिफोल्डही विभागलेलाच लागतो: पहिल्या तीन सिलिंडरांचा धूर एका कप्प्यात आणि शेवटच्या तिघांचा दुसऱ्या कप्प्यात. तोंडाकडे टॉर्च मारून पाहिले तर मधली भिंत लगेच दिसते.

पेट्रोल इंजिनासाठी माप

विनाटर्बो पेट्रोल इंजिनाच्या गाडीला हेडरचा खरा उपयोग होऊ शकतो, परंतु अशा मालवाहू गाड्या आता थोड्या उरल्या आहेत: काही जुन्या पिकअप, जीपवरून बांधलेल्या गाड्या आणि छोटे पेट्रोल मिनी ट्रक. त्यातही आधुनिक गाड्यांमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) बऱ्याचदा मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो, म्हणजे मॅनिफोल्ड काढला की कन्व्हर्टरही गेला. त्याचे परिणाम पुढे कायद्याच्या परिच्छेदात येतील.

नळीचा व्यास हा या निवडीतला सर्वांत जास्त फसवणारा आकडा आहे, कारण मोठे ते चांगले असे मनात बसलेले असते. नळीचा आतला व्यास ३५ मिलिमीटरवरून ४१ मिलिमीटरवर नेला तर फरक फक्त ६ मिलिमीटरचा दिसतो, पण छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ३७ टक्क्यांनी वाढते आणि तेवढाच धूर तिथून जाताना त्याचा वेग जवळजवळ २७ टक्क्यांनी पडतो. वेग पडला की मागे ओढणारा कमी दाबही पडतो, आणि चढावर दुसऱ्या गिअरमध्ये माल घेऊन निघालेली गाडी पूर्वीपेक्षा सुस्त वाटू लागते. शर्यतीची गाडी सहा हजार फेऱ्यांवर धावते म्हणून तिला रुंद नळी चालते; भाजीच्या क्रेट घेऊन चोर्ला घाट चढणारी पिकअप तिथे कधीच पोहोचत नाही. दीड-दोन लिटरच्या चार सिलिंडर इंजिनाला मालवाहू वापरासाठी बाहेरून ३८ मिलिमीटर, म्हणजे दीड इंचाच्या आसपासची नळी पुरते. शंका असेल तर दोन मापांपैकी लहान माप घ्यावे.

नळ्यांची जोडणी दोन प्रकारची असते. एका प्रकारात चारही नळ्या एकदम एका कलेक्टरमध्ये येतात, याचा लाभ वरच्या फेऱ्यांना होतो. दुसऱ्या प्रकारात चाराच्या दोन होतात आणि मग दोनाची एक. हा ‘चार-दोन-एक’ प्रकार मधल्या फेऱ्यांना ओढ देतो आणि माल वाहणाऱ्या गाडीला तोच योग्य. येथे काउंटरवर उभे राहून करता येईल अशी एक तपासणी आहे. चार सिलिंडर इंजिनांचा नेहमीचा ज्वलनक्रम १-३-४-२ असतो, म्हणून पहिल्या सिलिंडरची नळी चौथ्याशी आणि दुसऱ्याची तिसऱ्याशी जोडलेली असली पाहिजे. नळीवर बोट ठेवून ती कुठे जाते ते पाहावे. जवळजवळच्या नळ्या सोयीसाठी जोडून टाकलेल्या, म्हणजे १-२ आणि ३-४, असे हेडर मी स्वतः विक्रीला ठेवलेले पाहिले आहेत. त्यांना चार-दोन-एक म्हणणे म्हणजे नुसता आकार पाहून नाव देणे आहे.

लांब नळ्यांचे हेडर, ज्यांच्या नळ्या साधारण ७५ ते ९० सेंटिमीटरच्या असतात, खाली चासीपर्यंत उतरतात. आपल्याकडच्या गतिरोधकांचा आणि खाणीकडच्या कच्च्या रस्त्यांचा विचार केला तर आखूड नळ्यांचा हेडर बरा, मग त्यासाठी थोडी ताकद सोडावी लागली तरी चालेल.

धातू, खारा वारा आणि पावसाळा

गोव्यातल्या खरेदीदाराने सर्वांत जास्त वेळ द्यावा तो या भागाला. येथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, किनाऱ्यालगतच्या तालुक्यांत हवेत मीठ असते, आणि खाणपट्ट्यात लाल धूळ ओली होऊन प्रत्येक खाचेत बसते. कोरड्या प्रदेशातल्या लोकांनी ‘दहा वर्षे काही झाले नाही’ असे सांगितलेला माल इथे तितका टिकेलच असे नाही.

साध्या माइल्ड स्टीलच्या हेडरवर काळा रंग मारून तो विकला जातो. रंग पहिल्या तापातच जळतो आणि गंज सुरू होतो. अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेले स्टील जास्त टिकते, पण वेल्डिंग केलेल्या जागी मुलामा जळालेला असतो आणि गंज तिथूनच शिरतो. स्टेनलेसमध्ये ४०९ आणि ३०४ या दोन जाती नेहमी भेटतात. ४०९ मध्ये सुमारे ११ टक्के क्रोमियम असते. ती वरून तांबूस होते, पण आरपार सडायला वेळ घेते, तापल्यावर कमी फुगते आणि स्वस्त असते. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते; ती जास्त काळ चकचकीत राहते, मात्र खाऱ्या हवेत तिच्यावरही तपकिरी ठिपके येतात आणि बारीक खड्डे पडतात. तापल्यावर ती बरीच जास्त फुगते: अर्धा मीटर लांबीची ३०४ ची नळी ६०० अंशांनी तापली तर सुमारे ५ मिलिमीटर लांब होते, तर तेवढ्याच लांबीचे बीड साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. ही जास्तीची वाढ कुठेतरी सामावली गेली नाही, तर ती वेल्डिंग किंवा स्टड तोडून आपली जागा करून घेते. टर्बोजवळच्या अतितापाच्या कामासाठी टायटॅनियम मिसळलेली ३२१ ही जात उत्तम, पण ती मागवावी लागते आणि किंमत त्याप्रमाणे असते.

आपल्या बाजारातली खरी अडचण वेगळीच आहे. ‘एसएस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात २०२ सारखी कमी निकेल आणि जास्त मँगनीज असलेली जात सर्रास मिसळलेली असते. लोहचुंबकाने तपासून घ्यावे असे सगळे सांगतात, परंतु चुंबक फक्त ४०९ ओळखून देतो, कारण ती चिकटते. ३०४ आणि २०२ या दोन्ही चुंबकाला दाद देत नाहीत, शिवाय वाकवलेल्या बाकावर खरी ३०४ सुद्धा थोडीशी चिकटते आणि गैरसमज वाढवते. स्टेनलेसचे भंगार घेणाऱ्यांकडे रसायनाचे थेंब आणि छोटी बॅटरी असलेले चाचणीचे साधन असते, ते दोन मिनिटांत २०० आणि ३०० मालिकेतला फरक दाखवते. विक्रेता हेडरवर असा थेंब टाकू देत नसेल, तर त्याचे कारण विचारत बसण्याची गरज नाही.

नळीच्या भिंतीची जाडी किमान दीड मिलिमीटर, म्हणजे साधारण १६ गेज असावी. १८ गेजची, सव्वा मिलिमीटरची नळी हलकी असते आणि शर्यतीत चालते; ट्रकमध्ये ती हादऱ्याने फाटते. फ्लँज १० मिलिमीटरपेक्षा पातळ नसावा. पातळ फ्लँज वेल्डिंगच्या तापाने वाकतो, आणि वाकलेला फ्लँज बोल्ट आवळून सरळ होईल ही आशा शेवटी एखाद्या स्टडच्या जिवावर बेतते.

नळ्यांवर गुंडाळण्याची उष्णतारोधक पट्टी येथे टाळावी असे माझे ठाम मत आहे. ती पावसाचे आणि धुण्याचे पाणी धरून ठेवते, त्यात मीठ साचते, आणि आतली नळी डोळ्यांआड सडत राहते. केबिनमध्ये ताप येत असेल तर सिरॅमिकचा लेप दिलेला हेडर घ्यावा, किंवा मूळ मॅनिफोल्डवरचे पत्र्याचे संरक्षक कवच नव्या हेडरवर बसेल अशी रचना पाहावी. हे कवच आणखी एका कारणाने फेकून देऊ नये: पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की थंड पाणी तापलेल्या धातूवर उडते, आणि बीड तडकते ते बऱ्याचदा अशा वेळीच.

बसते की नाही

माझ्या मावसभावाची एक जुनी पेट्रोल पिकअप आहे. तिच्यासाठी त्याने परदेशातून हेडर मागवला. मॉडेल तेच होते, इंजिनही तेच, स्टेनलेस अस्सल आणि वेल्डिंग पाहण्यासारखे होते. फोंड्याच्या गॅरेजमध्ये मेस्त्रीने तो हातात घेतला, इंजिनाच्या बाजूला धरला, स्टिअरिंगच्या दांड्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाला, “पात्रांव, हें हांगा बसचें ना.” तो हेडर डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या देशातल्या गाडीसाठी बनवलेला होता. तिकडे ज्या मोकळ्या जागेतून तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरची नळी खाली जाते, त्याच जागेतून आपल्याकडे स्टिअरिंगचा दांडा जातो. परतीचा टपालखर्च हेडरच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता, म्हणून तो अजून त्याच्या माळ्यावर आहे. परदेशी हेडर घेण्यापूर्वी उजव्या स्टिअरिंगच्या गाडीसाठी तो बनवलेला आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. त्याशिवाय स्टार्टर मोटर, ब्रेकच्या नळ्या, क्लचची नळी आणि विजेच्या तारा यांच्यापासून अंतर किती राहते, डिपस्टिक निघते का आणि ऑइल फिल्टर हेडर न काढता बदलता येतो का, हेही पाहावे. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण दर ऑइल बदलाला त्याची आठवण होते.

मापे घेण्यासाठी मॅनिफोल्डचे नवे गॅसकेट आधी विकत घ्यावे आणि तेच साचा म्हणून वापरावे. ते हेडरच्या फ्लँजवर ठेवले की छिद्रे जुळतात का, तोंडांचा आकार गोल आहे की चौकोनी आणि हेडरचे तोंड इंजिनाच्या तोंडापेक्षा लहान तर नाही, हे एका नजरेत कळते. हेडरचे तोंड किंचित मोठे असले तर चालते. लहान असले तर धूर पायरीवर आपटतो. फ्लँजचा सपाटपणा पाहण्यासाठी त्यावर सरळ पट्टी उभी धरून खालून फीलर गेज (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पानांचा संच) घालावा. ०.१५ मिलिमीटरचे पान कुठेही सहज आत गेले तर तो फ्लँज मशीनवर घासून घेतल्याशिवाय बसवू नये. ईजीआरची (थोडा धूर पुन्हा इंजिनात नेणाऱ्या यंत्रणेची) नळी आणि तापमानाचे सेन्सर यांची तोंडे मूळ जागी आहेत का, तेही मोजावे. ऑक्सिजन सेन्सरचे तोंड बहुतेक गाड्यांत १८ मिलिमीटर व्यासाचे आणि दीड मिलिमीटर अंतराच्या आट्यांचे असते. हेडरमुळे सेन्सर मागे सरकत असेल तर त्याची तार पुरेल का, याचाही विचार हवा.

तयार हेडर मिळत नसेल तर येथे बनवून घेण्याचा पर्याय आहे, आणि तो कमी प्रतीचा मानू नये. मांडवी आणि झुआरीच्या काठावरच्या बार्ज बांधणी-दुरुस्तीच्या कामांवर हात बसलेले वेल्डर गोव्यात आहेत. त्यांना टिग वेल्डिंग आणि स्टेनलेस नवे नाही. मात्र हेडरच्या कामात एक अट घालावी लागते: वेल्डिंग चालू असताना नळीच्या आतूनही आर्गॉन वायू सोडला पाहिजे. तो सोडला नाही तर जोडाच्या आतल्या बाजूला साखरेसारखे खडबडीत दाणे तयार होतात, जे बाहेरून कधीच दिसत नाहीत. ते पुढे सुटतात, आणि समोर टर्बो असेल तर त्याची पाती खातात. काम ताब्यात घेताना मोबाइलचा टॉर्च एका टोकाने लावून दुसऱ्या टोकाने आत पाहावे. ३०४ ला ३०४ जोडण्यासाठी ३०८ एल ची सळई आणि ३०४ ला माइल्ड स्टीलचा फ्लँज जोडण्यासाठी ३०९ एल ची सळई लागते. हे माहीत असलेल्या ग्राहकाचे काम थोडे अधिक जपून होते, असा अनुभव आहे. हेडर आणि पुढचा पाइप यांच्यामध्ये जाळीदार लवचिक तुकडा असलाच पाहिजे, कारण इंजिन त्याच्या रबरांवर हलते आणि सायलेन्सर चासीला टांगलेला असतो.

कायदा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि आवाज व हवेच्या प्रदूषणाची मानके मोडल्यास कलम १९०(२) खाली पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, शिवाय तीन महिन्यांसाठी परवाना अपात्र, अशी तरतूद आहे. फुटलेल्या मॅनिफोल्डच्या जागी त्याच नमुन्याचा, ईजीआर आणि सेन्सर जागच्या जागी ठेवणारा मॅनिफोल्ड बसवणे ही दुरुस्ती आहे. कन्व्हर्टर काढणारा, ईजीआर बंद करणारा किंवा आवाज वाढवणारा हेडर ही दुरुस्ती नव्हे.

१ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या ट्रकला तर मॅनिफोल्डला हात लावताना दहा वेळा विचार करावा. त्यातील धुराची काजळी अडवणारा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, त्यासाठी त्याला साधारण ५५० ते ६०० अंशांची उष्णता लागते. ती वाटेतच गमावली किंवा सेन्सरची जागा बदलली, तर डॅशबोर्डवर दिवा लागतो, इंजिन स्वतःची ताकद कमी करून घेते आणि गाडी घाटाच्या मध्यावर रांगू लागते. अशा ट्रकसाठी कंपनीचाच सुटा भाग घ्यावा, कितीही वाट पाहावी लागली तरी. व्यावसायिक वाहनाला फिटनेस तपासणी चुकत नाही आणि अपघात झाल्यास विमा कंपनीचा सर्व्हेयरही बॉनेट उघडतो, ही गोष्ट जुन्या गाडीच्या मालकानेही लक्षात ठेवावी.

बसवताना

खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये बंद पडल्या तेव्हा कित्येक ट्रक अंगणात आणि रस्त्याकडेला वर्षानुवर्षे उभे राहिले. अशा गाडीचे मॅनिफोल्ड स्टड बिडाशी एकजीव झालेले असतात. आदल्या दिवशी संध्याकाळी आणि पुन्हा सकाळी गंज सोडवणारे तेल मारावे, नट थोडा घट्ट करून मग सोडवावा, आणि अडला तर जोर न लावता नटाला ताप द्यावा. स्टड तुटलाच तर त्याच्या बुंध्यावर नट वेल्ड करून तो फिरवता येतो. ड्रिल लावणे हा शेवटचा उपाय, कारण तिरके गेलेले ड्रिल सिलिंडर हेडच बिघडवते. हेडर मागवतानाच नवे स्टड, नवे नट आणि गॅसकेट यांचा संच मागवावा. जुने स्टड एकदा सुटले म्हणून पुन्हा वापरणे ही काटकसर अंगावर येते.

नट आवळताना मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जावे आणि सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला टॉर्क दोन-तीन टप्प्यांत द्यावा. इंजिन चालू करण्यापूर्वी गळती शोधण्याची सोपी रीत अशी की सायलेन्सरच्या तोंडातून ब्लोअरने हवा सोडावी आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचे पाणी मारावे. जिथे बुडबुडे येतील तिथे काम राहिले आहे. पेट्रोल गाडीत सेन्सरच्या आधी गळती राहिली तर ठोक्यांच्या मधल्या वेळात बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटते की इंधन कमी पडते आहे, आणि इंजिन उगाच जास्त पेट्रोल पिऊ लागते. टर्बो डिझेलमध्ये टर्बोच्या आधीची गळती शिट्टी, काळा धूर आणि मेलेली ओढ या तिघांनी ओळखू येते. गळणारा धूर केबिनमध्ये येत असेल तर गाडी चालवूच नये, कारण त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पहिल्यांदा इंजिन चालू केल्यावर तेलाचा आणि लेपाचा धूर येतो, त्याने घाबरू नये. पंधरा-वीस मिनिटे चालवून बंद करावे, रात्रभर गार होऊ द्यावे आणि सकाळी सर्व नट पुन्हा टॉर्कवर तपासावेत. शंभर किलोमीटरनंतर एकदा आणि पाचशे किलोमीटरनंतर आणखी एकदा तेच करावे. जुना मॅनिफोल्ड मात्र या काळात भंगारवाल्याला देऊ नये. तडा लहान असेल तर तो नीट ताप देऊन, निकेलच्या सळईने वेल्ड करून तात्पुरता वापरता येतो, आणि नवा माल पहिल्या पावसाळ्यातच दगा देऊन बसला, तर गाडी उभी राहण्याऐवजी आठवडाभर तरी त्याच्यावर चालते.